पोटातला बँड : नव्याने विचार करणाऱ्यांसाठी

गॅस्ट्रिक बँडची, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराभोवती बसवायच्या पट्ट्याची, चौकशी करायला अधूनमधून कुणीतरी गाठतंच, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती किलो उतरतं हो?" मी उलट विचारते, "तुमच्या गावात सुई टोचायला कोण आहे?" समोरचा गोंधळतो. सुई कसली, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी मेलबर्नमध्ये राहते. २०१० मध्ये इथेच माझ्या पोटात बँड बसला. त्या काळी ऑस्ट्रेलियात वजनाचं ऑपरेशन म्हटलं की बहुतेक वेळा बँडच असायचा. आज तसं राहिलेलं नाही. भारतात तर बेरियाट्रिक, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनकडे गेलात की स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) किंवा बायपास (जठर लहान करून आतडी वळवणं) यांचंच नाव निघतं. तरी दोन प्रकारच्या माणसांना बँडची माहिती लागते. एक, "पोट कापायचं नाही, पण काहीतरी करायचंय" असं म्हणणारी. दुसरी, परदेशात बँड बसवून आता पुण्या-नाशकाला परत आलेली. या दुसऱ्या मंडळींनी सातवी पायरी आणि त्यापुढचं आधी वाचलं तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. हा पट्टा इतकी वर्षं पोटात बाळगून जे कळलं आणि जे वाचलं, ते लिहिते आहे. तुमचे रिपोर्ट बघून सल्ला द्यायचं काम तुमच्या सर्जनचं.

पायरी १ : ही वस्तू काय आहे ते समजून घ्या

सिलिकॉनचा एक पट्टा, मनगटी घड्याळाच्या पट्ट्यासारखा अडकवून बंद होणारा. अन्ननलिका संपून जठर सुरू होतं, त्याच्या किंचित खाली जठराभोवती तो बसवतात. त्याच्या वर जठराचा जेमतेम १५ ते ३० मिलीचा कप्पा उरतो. पट्ट्याला आतून फुग्यासारखी पोकळ कड असते. त्या कडेला एक बारीक नळी जोडलेली असते आणि नळीचं दुसरं टोक पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर शिवलेल्या मोठ्या बटणाएवढ्या डबीत जातं. ही डबी म्हणजे पोर्ट. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरलं की बँड आवळतो, काढलं की सैल होतो. जठर कापत नाहीत, आतडी वळवत नाहीत, आणि नको झालं तर बँड काढता येतो. माझ्या सासूबाईंना मी समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे परकराची नाडी!" इतकं नेमकं मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नाही.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. वरचा कप्पा अन्नाने भरतो, अन्न तिथे तासन्‌तास साठतं आणि वाळूच्या घड्याळासारखं हळूहळू खाली झिरपतं, असं पुष्कळांना वाटतं. सुरुवातीला डॉक्टरही तसंच समजत. पुढे मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून पाहिलं, तर नीट आवळलेल्या बँडमधून नीट चावलेला घास थोड्याच वेळात खाली सरकतो, वर काही साठून राहत नाही. प्रत्येक घास जाताना जठराच्या त्या भागावर दाब येतो, तिथल्या नसा मेंदूला "बस झालं" असा निरोप देतात, आणि थोडक्यात तृप्ती येते. कप्पा साठवणीचा असता तर तो भरेपर्यंत खाणं बरोबर ठरलं असतं. प्रत्यक्षात तसं खाल्लं की कप्पा ताणून मोठा होतो, आणि पुढची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात.

थोडा इतिहास. सलाईन भरून आवळता येणारा बँड अमेरिकेत न्यू जर्सीमधले सर्जन लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ च्या सुमारास आणला. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसवला आणि मग तो जगभर पसरला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००१ मध्ये 'लॅप-बँड' या ब्रँडला परवानगी दिली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या वजनाच्या ऑपरेशनांपैकी सुमारे ३५ टक्के बँडची होती. २०१९ पर्यंत हा आकडा एक टक्क्याच्याही खाली गेला. असं का झालं ते पुढे येईलच.

पायरी २ : किती उतरेल, याचा हिशेब स्वतः मांडा

इथे जरा थांबून कागद-पेन घ्या. फसगत होते ती इथेच.

वजनाच्या ऑपरेशनचे निकाल दोन तऱ्हांनी सांगतात. एक, एकूण वजनाच्या किती टक्के उतरलं. दुसरी, 'जादा वजना'च्या किती टक्के उतरलं. जादा वजन म्हणजे बीएमआय २५ असताना जे वजन भरलं असतं, त्याच्या वरचं. दुसऱ्या तऱ्हेने सांगितलेला आकडा नेहमीच मोठा आणि देखणा दिसतो.

माझंच उदाहरण घ्या. उंची १६० सेंटिमीटर, ऑपरेशनच्या वेळी वजन १०५ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं : १०५ भागिले २.५६, म्हणजे बीएमआय ४१. बीएमआय २५ ला माझं वजन ६४ किलो भरतं. म्हणजे जादा वजन ४१ किलो.

मेलबर्नचे पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ३,२२७ बँडवाल्यांचे निकाल प्रसिद्ध केले. त्यातल्या ज्या ७१४ जणांना दहा किंवा जास्त वर्षं झाली होती, त्यांचं सरासरी ४७ टक्के जादा वजन उतरलेलं टिकून होतं. ४७ टक्के ऐकून मी मनात १०५ चे निम्मे केले होते! खरा हिशेब ४१ किलोंचे ४७ टक्के, म्हणजे साधारण १९ किलो. १०५ चे ८६. वाईट आहे का? मुळीच नाही. पण लग्नातला शालू पुन्हा नेसायचं स्वप्न त्यात बसत नाही.

आता पहिल्या तऱ्हेचे आकडे. अमेरिकेतल्या लॅब्ज नावाच्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनी बँडवाल्यांचं एकूण वजनाच्या सुमारे १६ टक्के, तर बायपासवाल्यांचं ३१.५ टक्के उतरलेलं होतं. सात वर्षांनी हेच आकडे १४.९ आणि २८.४ होते. स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात दहा वर्षांनी बँडचे १४ टक्के आणि बायपासचे २५ टक्के. दोन वेगळे देश, आणि बँडचं उत्तर दोन्हीकडे एकूण वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाच्या आसपास. बायपासच्या साधारण निम्मं.

वेगही वेगळा. बँडने सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं, पुढे वेग मंदावतो, आणि हे दोन-तीन वर्षं चालतं. बायपास झालेली मैत्रीण सहा महिन्यांत ओळखू येईनाशी झाली आणि मी तेवढ्या वेळात जेमतेम अकरा किलोंनी कमी. तुलना करत बसाल तर पहिल्याच वर्षी खचाल.

बँडच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. लॅब्जच्याच अभ्यासात बँड बसवलेल्या ११९८ जणांपैकी ऑपरेशननंतरच्या तीस दिवसांत एकही दगावला नव्हता. आणि २००८ मध्ये मोनॅशमधून आलेल्या एका छोट्या अभ्यासात, मधुमेह नुकताच लागलेल्या ६० जणांपैकी बँड बसवलेल्या गटात ७३ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांनी आटोक्याबाहेरचा तर सोडाच, मधुमेह म्हणण्याइतकाही उरला नव्हता. नेहमीच्या उपचारांवरच्या गटात हे प्रमाण १३ टक्के होतं. मधुमेह जुना असेल तर मात्र हा आकडा स्वतःला लावू नका.

पायरी ३ : तुम्ही यात बसता का

२०२२ पासून आंतरराष्ट्रीय संघटनांचं म्हणणं असं : बीएमआय ३५ च्या वर असेल तर इतर आजार नसले तरी वजनाच्या ऑपरेशनचा विचार करावा, आणि ३० ते ३५ च्या दरम्यान मधुमेहासारखा आजार असेल तर करावा. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी रेषा आणखी खाली, म्हणजे २७.५ पासून विचार सुरू होतो.

भारतातल्या विम्याच्या रेषा मात्र वेगळ्या. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ठरवून दिलेल्या मजकुराप्रमाणे वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयरोग, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं), आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखं काही, आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले, असं असावं लागतं. डॉक्टरांनी हो म्हटलं म्हणून विमा हो म्हणेल असं धरू नका. लेखी पूर्वमंजुरी घ्या.

तीव्र ॲसिडिटी, मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं), अन्ननलिकेची हालचाल मंद असणं, यकृताचा सिरोसिस, क्रोन्ससारखा आतड्यांचा आजार, यात बँड बहुधा नकोच म्हणतात. दारू सुटत नसेल तरी तेच. आणि एक कसोटी स्वतःच लावून बघायची : तुमचं वजन ताटातल्या पोळ्या-भाताने वाढलंय की दिवसभराच्या चहा-बिस्किटं, गोडधोड, कोल्ड्रिंकने? दुसरं असेल तर बँड त्याला अडवणार नाही. का, ते सहाव्या पायरीत.

आजकाल आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा : वजन उतरवणारं इंजेक्शन घेऊन बघितलं का? त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या पहिल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. बँडचा सात वर्षांचा आकडा वर वाचलात ना, तोच! औषध थांबवलं की वजन परत येतं, हे खरं. पण बँड काढला की त्याचंही तेच होतं. मला २०१० मध्ये ही इंजेक्शनं मिळाली असती तर मी आधी तीच घेतली असती.

पायरी ४ : सुईवाला माणूस आधी शोधा

सर्जन शोधण्याआधी हे करा. बँड बसवण्याचं ऑपरेशन तासाभराचं. तो नीट ठेवण्याचं काम चालतं पोटात आहे तोवर. पहिल्या वर्षी सहा-आठ फेऱ्या, नंतर वर्षाला एक-दोन.

याचा निकालाशी संबंध आहे. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात पहिल्या वर्षात सहाहून जास्त वेळा तपासणीला आलेल्या बँडवाल्यांचं जादा वजन ५० टक्के उतरलं, कमी वेळा आलेल्यांचं ४२ टक्के. बायपासवाल्यांत मात्र फेऱ्यांच्या संख्येने फरक पडला नाही. बायपास आपलं काम आपण करतो, बँडला माणूस लागतो.

हीच गोष्ट देशादेशांच्या निकालांतही दिसते. मेलबर्नच्या गटात बँड शेवटी काढावा लागलेले फक्त ५.६ टक्के. उलट, बेल्जियममध्ये १९९४ ते १९९७ दरम्यान बँड बसवलेल्यांची बारा-तेरा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा जवळपास ६० टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं होतं आणि बँड पोटात शिल्लक होता तो निम्म्याच जणांच्या. बेल्जियमचे बँड जुन्या पद्धतीने बसवले होते, हे एक कारण. पण मेलबर्नची मंडळी पेशंटच्या मागे लागून त्याला बोलावत, हे दुसरं, आणि माझ्या मते मोठं.

म्हणून विचारा : बँड आवळायला-सोडायला कोण बसतं, आठवड्यातून किती दिवस? रविवारी रात्री अडकलं तर फोन कोण उचलतं? प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे की ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच? सर्जन दुसऱ्या गावी गेला तर काय? अमेरिकेतले काही जण स्वस्त पडतं म्हणून मेक्सिकोत तिहुआनाला जाऊन बँड बसवून आले आणि परतल्यावर तो हाताळायला स्थानिक सर्जन मिळेनात. दुसऱ्याने बसवलेल्या बँडला हात लावायला बरेच सर्जन नाखूश असतात. भारतात आज बँड बसवून घेणार असाल तर हा प्रश्न तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा, कारण बँडची सवय असलेले हातच थोडे उरलेत. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर सर्जन कितीही नावाजलेला असो, बँडचा विषय तिथेच सोडा आणि दुसऱ्या ऑपरेशनबद्दल बोला.

पायरी ५ : ऑपरेशनच्या आधी आणि त्या दिवशी

रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, सोनोग्राफी, बहुधा एंडोस्कोपी, घोरत असाल तर झोपेची तपासणी, आणि आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञांशी एकेक भेट. सिगारेट बंद.

आधीचे दोन आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार असतो. इथे पावडरची शेक देतात. चव ओल्या पुठ्ठ्याची. हा छळ यकृतासाठी असतो. जाड माणसाच्या यकृतात चरबी साठलेली असते आणि त्याचा डावा भाग नेमका त्या जागेवर पसरलेला असतो जिथे बँड बसवायचा. दोन आठवड्यांत तो आक्रसतो आणि सर्जनला जागा मिळते. या काळात चोरून खाल्लंत तर कुणाला कळणार नाही असं वाटेल, पण दुर्बीण आत गेली की सर्जनला दिसतंच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर या दिवसांत डोस कमी करावा लागतो. तो आपल्या मनाने करू नका.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, चार-पाच लहान छेदांमधून. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, घाबरू नका, चालत राहा.

पायरी ६ : खायला शिका, पहिलीतल्या मुलासारखं

पहिले दोन आठवडे पातळ : ताक, गाळलेलं वरणाचं पाणी, सूप, नाचणीची पातळ आंबील. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, वरण, घोटलेली भाजी, दही. मग मऊ उकडलेलं अंडं, वाफवलेला मासा, पनीर. घट्ट खाणं साधारण महिना-दीड महिन्यानंतर. बँडला जठराशी जुळून बसायला तेवढा वेळ लागतो. या काळात उलटी झाली तर बँड सरकू शकतो, म्हणून घाई नको.

त्यानंतरचे नियम सोपे आहेत, पाळणं अवघड. एका वेळी जेमतेम एक वाटी. घास अंगठ्याच्या नखाएवढा. तो पार लगदा होईपर्यंत चावायचा, गिळायचा आणि मिनिटभर थांबायचं. वीस-पंचवीस मिनिटांत ताट बाजूला, उरलं तरी. जेवताना पाणी नाही. प्रथिनं आधी, म्हणजे उसळ, अंडं, मासा, मग भाजी, मग जागा उरली तर पोळी-भात. मी पहिले सहा महिने चमचा-ताटली सोडून मुलीच्या भातुकलीतली वाटी वापरली.

आमच्याकडे बँडनंतरचा पहिला गणपती. मंडळाच्या जेवणात एक काकू वाढत होत्या. "अगं, एक तरी मोदक घे, बाप्पाचा प्रसाद आहे." उकडीचा मोदक, वर तुपाची धार. मी अर्धा तोडला आणि बोलता बोलता नेहमीसारखा गिळला. तांदळाच्या उकडीचा चिकट गोळा बँडपाशी जाऊन बसला. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं झालं, तोंडाला फेसाळ, चिकट लाळ सुटू लागली, गिळली तर परत वर येत होती. पाऊण तास मी हॉलच्या बाथरूममध्ये बेसिनला धरून उभी. पाणी पिऊन ढकलावंसं वाटतं, पण ते मुळीच करायचं नाही, पाणी वरच साठतं. उभं राहायचं, फेऱ्या मारायच्या, लाळ थुंकायची आणि वाट बघायची. शेवटी तो घास वर आला. बाहेर आले तर काकूंचा चेहरा पडलेला : "आवडला नाही का गं?"

तेव्हा बँडची दुसरी बाजूही दिसली. त्याच जेवणात श्रीखंड होतं. घसा दुखत होता म्हणून गार काहीतरी हवं होतं. एक वाटी गेली, दुसरी गेली, तिसरीही. बँडला कॅलरी कळत नाहीत, त्याला फक्त घट्टपणा कळतो. श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम, चहात बुडवलेलं बिस्किट, तोंडात विरघळणारी शेव हे सगळं सुळकन खाली उतरतं. आणि चांगलं खाणं अडकतं म्हणून माणूस हळूहळू याच सुळसुळीत खाण्याकडे वळतो. वजन थांबलं की आधी बँडला नाही, डब्यातल्या शेवेला जाब विचारा.

अडकणाऱ्या गोष्टी माणसागणिक वेगळ्या, पण आपल्या स्वयंपाकघरातली माझी यादी अशी : पाव, ताजी मऊ पोळी (कडक भाकरी बारीक चावली तर जाते!), चिकट भात, साबुदाण्याची खिचडी, कोरडं चिकन, ओलं खोबरं, संत्र्याच्या फोडीची साल, धागे असलेल्या शेंगा. उपवासाच्या दिवशी जास्त सांभाळून. आणि बँड सकाळी उगाचच जास्त आवळल्यासारखा वाटतो, बहुतेक बँडवाले हे सांगतात. सकाळी आधी कोमट पाणी, नाश्ता उशिरा.

पायरी ७ : ती सुई

पहिलं आवळणं ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी. त्याआधी बँड जवळजवळ रिकामा असतो आणि भूक परत येते. हा काळ सगळ्यांना फसल्यासारखा वाटतो. तुम्ही फसलेला नाहीत, बँड अजून सुरूच झालेला नाही.

टेबलावर उताणं झोपवतात आणि पाय सरळ उचलायला लावतात. पोटाचा स्नायू ताठ झाला की पोर्ट बोटाला लागतो. दोन बोटांत तो पकडतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि सुई सरळ आत. रक्त काढताना होतं तेवढंच दुखतं. सुई पोर्टच्या तळाला टेकली की बारीक 'टक्‌' जाणवतो. चांगली नर्स आधी आतलं सगळं सलाईन सिरिंजमध्ये ओढून मोजते. गेल्या वेळी साडेपाच मिली भरलं होतं आणि आज साडेपाचच आलं, तर गळती नाही. कमी आलं, तर नळी किंवा पोर्ट कुठेतरी फुटलाय. मग ते परत भरून वर थोडंसं, कधी अर्धा मिली, कधी त्याहून कमी. कुणाच्या बँडमध्ये एकूण ४ मिली मावतं, कुणाच्यात १४, म्हणून "तुझे किती?" अशी तुलना फुकट.

मग उठून बसायचं आणि तिथेच पेलाभर पाणी प्यायचं. खळखळ गेलं तर ठीक. छातीत थांबलं तर लगेच थोडं काढून घ्यायचं. हे पाणी प्यायल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. पुढचे एक-दोन दिवस पातळ खायचं.

सुई साधी चालत नाही. तिला ह्यूबर सुई म्हणतात, तिचं टोक एका बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे पोर्टच्या सिलिकॉनचा तुकडा कापला न जाता छिद्र आपोआप मिटतं. भारतात सुट्टीवर असताना एका दवाखान्यात साध्या इंजेक्शनची सुई घेऊन माझ्या पोर्टकडे यायला निघाले होते. मी अक्षरशः हात धरला. तेव्हापासून दोन ह्यूबर सुया माझ्या प्रवासाच्या पिशवीत असतात.

किती आवळायचं? जेवणानंतर तीन-चार तास भूक लागत नाही, वाटीभरात समाधान होतं, अडकत नाही आणि वजन हळूहळू उतरतंय, म्हणजे बरोबर. दोन तासांत भूक आणि मोठमोठी ताटं, म्हणजे सैल. वारंवार अडकणं, रात्री आंबट पाणी वर येणं, खोकला, आणि घट्ट काही जात नाही म्हणून आइस्क्रीमवर जगणं, म्हणजे जास्त आवळलाय. गंमत अशी की जास्त आवळल्यावर वजन वाढायला लागतं, आणि पेशंट "अजून आवळा" म्हणतो. वजन थांबलं की आवळायचंच, हा हट्ट धरू नका.

गरोदरपणात उलट्या होत असतील किंवा बाळाची वाढ नीट होत नसेल तर बँड सैल करून घेता येतो. वजन उतरू लागलं की पीसीओएसवाल्या बायकांची पाळी सुधारते आणि ध्यानीमनी नसताना दिवस जाऊ शकतात. डॉक्टर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, तेव्हा गर्भनिरोधनाचं आधीच बोलून ठेवा.

पायरी ८ : बिघडतं काय, आणि कधी धावायचं

मेलबर्नच्या त्याच गटात, सगळी वर्षं धरून, २६ टक्क्यांना वरचा कप्पा मोठा झाल्यामुळे पुन्हा ऑपरेशन लागलं, २१ टक्क्यांना पोर्ट किंवा नळीच्या बिघाडामुळे, आणि ३.४ टक्क्यांमध्ये बँड जठराच्या भिंतीतून आत रुतला. तंत्र सुधारलं तशी पहिली संख्या पुढे बरीच खाली आली, पण शून्य झाली नाही. बँड मागे पडला तो एवढ्याचसाठी : वजन बायपासच्या निम्मं उतरणार आणि वर दुरुस्त्या.

माझा बँड सातव्या वर्षी सरकला. आधी रात्रीचा कोरडा खोकला, मग सकाळी उशीवर आंबट डाग. मी त्याला मेलबर्नची थंडी म्हणत चार महिने काढले. शेवटी बेरियम पिऊन एक्स-रे काढला, तेव्हा जठराचा मोठा भाग बँडच्या वर आलेला दिसला. सगळं सलाईन काढलं, दोन महिने बँड रिकामा ठेवला, नऊ किलो वजन परत आलं, आणि मग ऑपरेशन करून बँड पुन्हा जागेवर बसवला. पहिल्या आठवड्यात गेले असते तर कदाचित सलाईन काढण्यावर भागलं असतं.

तेव्हा हे लक्षात ठेवा. रात्रीचा खोकला किंवा आंबट पाणी : त्याच आठवड्यात भेट. पोर्टवर लाली, सूज, पू : लगेच. विशेषतः काही महिन्यांनी अचानक पोर्टला जंतुसंसर्ग झाला तर बँड आत रुतल्याची ती खूण असू शकते, एंडोस्कोपी करायला सांगा. भूक एकाएकी पूर्वीसारखी झाली : गळती किंवा रुतणं. पाणी किंवा स्वतःची लाळही गिळता येत नाही, सतत उलट्या, पोटात न थांबणारी कळ : तिथल्या तिथे मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, आणि तोंडाने सांगायचं, "पोटात गॅस्ट्रिक बँड आहे, आधी त्यातलं पाणी काढा." उलट्या बरेच दिवस चालू असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी१ जीवनसत्त्व द्यायची आठवण करा, त्याच्या कमतरतेने मेंदूला इजा होऊ शकते. डोकं-कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, जठराला त्या सोसत नाहीत.

बँड काढायची वेळ आलीच, तर नुसता काढला की वजन बहुधा परत चढतं. म्हणून पुष्कळ जण स्लीव्ह किंवा बायपास करून घेतात, कधी त्याच वेळी, कधी काही महिन्यांनी. रुतलेला बँड असेल तर आधी जठर भरून येऊ द्यावं लागतं.

पायरी ९ : पाकिटातला कागद

हॉस्पिटलमधून निघताना एक कार्ड मागून घ्या, मिळालं नाही तर स्वतः लिहा. बँडची कंपनी आणि आकार, बसवल्याची तारीख, सर्जनचा फोन, पोर्ट पोटाच्या कुठल्या बाजूला, आणि प्रत्येक वेळी भरलेलं-काढलेलं सलाईन तारखेसकट. बँड विकणाऱ्या कंपन्याही हात बदलत गेल्यात. लॅप-बँड आधी ॲलर्गनकडे होता, २०१३ मध्ये अपोलो एंडोसर्जरीकडे गेला, नंतर रीशेपकडे. जॉन्सन अँड जॉन्सनचा रिअलाइझ बँड तर बाजारातून गेलाच. दहा वर्षांनी "कुठला बँड?" विचारलं तर आठवणीवर विसंबू नका. घरातल्या एका माणसाच्या फोनमध्येही त्या कार्डाचा फोटो असू द्या.

माझं कार्ड ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागच्या खणात आहे, कडा मऊ झालेल्या, तीन वेळा चिकटपट्टी लावलेली. शेवटची नोंद : मार्च, ४.२ मिली, पाणी नीट गेलं, वजन ८८.